गर्भवतीची न विचारलेली तक्रार

अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी वसलेले, आणि १९९३ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी महाराष्ट्रात ज्याच्या घरांना प्रथम भिडले, ते मणिबेली, किंवा सातपुड्यात विखुरलेले त्याच्यासारखे पाडे, जेथे दवाखाना गाठावयाचा तर डोंगर तुडवावा लागतो अथवा होडीची वाट पाहावी लागते, तेथे अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन एखादी गर्भवती आपण होऊन निघेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

या मौनाचे मोजमाप महाराष्ट्रातच झाले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, पण पूर्वी तशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.

गर्भारपणात पांढरा, वास नसलेला स्राव थोडा वाढतो, त्यात भय नाही. योनिमार्गातील दुग्धाम्ल निर्माण करणारे जिवाणू मात्र क्षीण झाले, की इतर जंतू माजतात, आणि ते गर्भाशयमुखातून वर चढून गर्भावरणाला दाह उत्पन्न करू शकतात. मग कधी पाणमोट अकाली फुटते, कधी ३७ आठवडे भरण्यापूर्वीच कळा सुरू होतात.

औषधाने हे सारे टळते काय? व्हिएन्नात गर्भवतींची तपासणी करून ज्या गटाला त्यानुसार उपचार दिले, त्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण ३ टक्के, तर दुसऱ्या गटात ५.३ टक्के आढळल्याचे २००४ साली नमूद झाले. उलट अमेरिकेत असे जंतू माजलेले, पण लक्षणे नसलेल्या गर्भवतींना मेट्रोनिडॅझोल हे औषध देऊन लाभ दिसला नाही, असे २००० साली प्रसिद्ध झाले होते. म्हणून सरसकट गोळ्या वाटणे जितके चूक, तितकेच दुर्गंधी, खाज, जळजळ सोसणाऱ्या स्त्रीला विनातपासणी परत पाठवणे चूक, असे माझे स्पष्ट मत आहे. बुरशीला योनीत ठेवावयाची क्लोट्रिमॅझोलची गोळी, जिवाणूंना निराळे औषध, आणि ट्रायकोमोनास हा परजीवी असेल तर पतीलाही उपचार: हा निवाडा औषध-दुकानदाराचा नव्हे.

दरमहा ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. आशाताईंनी तेथे स्रावाविषयी आवर्जून विचारावे, सासूने सुनेला नि:संकोच बोलू द्यावे. आणि पाणी किंवा रक्त जाऊ लागले, अथवा ओटीपोटात कळा आल्या, तर तारखेची वाट न पाहता तिला त्वरित दवाखान्यात न्यावे.