घरचे आवार आणि विजेची साखळी-करवत

बिट्टन मार्केट व अरेरा कॉलनीच्या भागात राहणाऱ्या आपल्या सभासदांपैकी ज्यांस स्वतंत्र आवार आहे, त्यांच्या दारी एखादा गुलमोहर, कडुनिंब अथवा आंबा असतोच. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. ज्येष्ठातील वादळात त्याची फांदी मोडून विजेच्या तारेवर किंवा शेजाऱ्याच्या पत्र्यावर येते, आणि मग धावपळ होते. अशा कामासाठी विजेवर चालणारी हलकी साखळी-करवत आता बाजारात सहज मिळते. दुकानदार तिला ‘चेन-सॉ’ म्हणतात. ती कशी निवडावी व कशी वापरावी याविषयी स्वानुभवाचे चार शब्द लिहितो.

प्रथम माझी चूक सांगतो. ‘घ्यायची तर मोठीच घ्या, सेठजी,’ असे दुकानदाराने म्हटल्यावरून मी सोळा इंची पट्टीची, जवळजवळ पाच किलो वजनाची करवत आणली आणि पहिल्याच दिवशी माळ्याच्या मुलास ती देऊन शिडीवर चढविले. मी खाली उभा राहून ‘जरा वरून धर’ अशा सूचना देत होतो. पट्टीचे टोक मागच्या फांदीस लागले आणि यंत्र एकदम त्याच्या खांद्याकडे उसळले. मुठीपुढील ढाल मनगटाला लागून साखळी थांबली म्हणून सदऱ्यावर निभावले. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा भार सारखा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी शिडीखाली उभे राहून मला त्याचा अर्थ कळला. हत्यार माळी चालवणार असला तरी त्याची रीत मालकाने आधी स्वतः शिकली पाहिजे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

ही उसळी का येते ते समजून घ्यावे. साखळी पट्टीभोवती फिरत टोकाशी वळते. टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की दात कापण्याऐवजी अडकतात आणि साखळीचा सारा वेग पट्टीला वर व मागे फेकतो. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हे घडते. म्हणून टोकाने कधी कापू नये. दोन्ही हातांनी, अंगठा मुठीभोवती गुंडाळून धरावे, आपले शरीर पट्टीच्या रेषेच्या किंचित बाजूस ठेवावे, खांद्याच्या वर यंत्र नेऊ नये व शिडीवर तर मुळीच चढू नये. उंचावरील फांदीसाठी जाणता मनुष्य बोलवावा. तारेला टेकलेल्या फांदीस हात लावू नये. वीज मंडळीस कळवावे.

निवड करताना आपल्या आवारातील फांद्यांची जाडी आधी मोजावी. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी सहा इंची पट्टीची, बॅटरीवर चालणारी लहान करवत पुरते. तिचे वजन दोन किलोच्या आसपास असते. मांडीएवढे पडलेले लाकूड तोडावयाचे असेल तर बारा ते चौदा इंची पुरे. शेवग्यासारख्या मऊ लाकडास साधी हातकरवतच बरी. तारेवर चालणारी करवत स्वस्त पडते, पण २००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढते. त्यास १६ अँपिअरचा प्लग व जाड तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची तार हवी. बारीक तार लांबवर ओढली तर ती तापते आणि यंत्रही दुबळे होते. झटका जीवघेणा होण्यापूर्वी प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण घरात बसविलेले असावे. पावसात किंवा ओल्या गवतावर काम करू नये. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी वैशाखाच्या उन्हात गच्चीवर विसरू नये. खरेदीच्या वेळी साखळी थांबविणारी ढाल आहे की नाही, आणि साखळी व पट्टी पुढे सुटी मिळेल की नाही, एवढे अवश्य विचारावे. चष्मा, जाड बूट, आणि धोतर किंवा ओढणीसारखे सैल वस्त्र नाही, हा पोशाख.

या साखळीच्या दाताची कथा आपल्या वाचकांस चिंतनीय वाटेल. विजेवर चालणारी साखळी-करवत जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली बनविली; ती दोन माणसांनी उचलावी लागे. पण आजच्या दातांची घडण अमेरिकेतील ओरेगॉनच्या जो कॉक्स यांना १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीवरून सुचली. ती अळी आपल्या जबड्यांनी आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे कोरत लाकडात पुढे सरकत होती. म्हणजे ज्या जिवाचे घर आपण कापतो, त्याच्याच जबड्याची ही नक्कल होय! श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म गणले आहे. ते उपजीविकेविषयी असले तरी दारातल्या झाडासही त्याची आठवण ठेवावयास हरकत नाही. हिरवी फांदी कारणाशिवाय कापू नये. चातुर्मासात तातडी नसेल तर काम पुढे ढकलावे. कार्तिकी पौर्णिमेनंतर माघापर्यंतचा काळ बरा. फांदीवर घरटे आणि वाळक्या लाकडात मुंग्या अगर अळ्या आहेत काय, हे आधी पाहावे. अख्खे झाड तोडावयाचे असल्यास मध्यप्रदेशच्या २००१ च्या नगरीय वृक्ष-परिरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

मोठी फांदी तीन छेदांत काढावी. खोडापासून वीतभर अंतरावर खालून एक तृतीयांश. मग त्याच्या थोडे बाहेर वरून आरपार. याने फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. शेवटी उरलेला खुंट काढावा. फांदी खोडास मिळते तेथे सालीची फुगीर वळी असते, ती मात्र राखावी. तीच जखम भरून काढते. वर डांबर फासण्याची जुनी चाल निरुपयोगी आहे.

साखळी बोटाने ओढली असता किंचित उचलली जावी, पण खाचेतून सुटू नये. ती काम करता करता तापून सैल होते. ताण पाहताना प्लग काढलेला किंवा बॅटरी सुटी केलेली असावी. तेलाची टाकी रिकामी ठेवू नये. मोटारीचे जळके तेल त्यात घालू नये. धारेची परीक्षा भुशावरून होते. गोणीत परखी खुपसून आपण जसा माल ओळखतो, तसेच हे आहे. जाड कण पडत असतील तर धार ठीक. पिठासारखी धूळ पडू लागली की दात बोथट झाले. मग जोर लावू नये, थांबून गोल कानस फिरवावी. घरगुती साखळीस बहुधा चार मिलिमीटरची कानस लागते. यंत्राच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. दर दातास एकाच दिशेने, आतून बाहेर, सारख्याच वेळा.

माझी सोळा इंची करवत मी परत केली. आता सहा इंची आहे. माळ्याचा मुलगा ती जमिनीवर उभा राहून चालवितो, आणि कानस मी लावतो.