उन्हातल्या खडकावरचा बेडूक

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या कोरड्या दऱ्यांत, ॲरिझोना-युटाहपासून खाली मेक्सिकोपर्यंत, कॅन्यन ट्री फ्रॉग हा जेमतेम 3 ते 5 सेंटीमीटरचा बेडूक राहतो. झाडावर तो क्वचितच दिसतो. ओढ्याकाठचा खडक हेच त्याचं घर. भर उन्हात खडकाच्या खळगीत, पाय पोटाशी घेऊन तो तासन्‌तास निश्चल बसतो. बेडकाच्या जातीला हे खरंच नवल! त्याच्या त्वचेतून पाणी फार कमी उडतं आणि ओढा एका उडीवर असतो, म्हणून हे जमतं. रंग खडकाशी पुरता मिळतो. उडी मारताना तेवढा मांडीच्या आतला पिवळा-केशरी रंग झळकतो. अंडी ओढ्याच्या डोहात घातली जातात. अशा दरीत फिरायला गेलात, तर खडकावर हात टेकण्याआधी नीट बघा.