पत्ता शेजारचा, रस्ता लांबचा!

बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या बिल्डिंगमधला मित्र हात करतो. ‘ये की चहाला!’ जायचं कसं? आधी आपलं गेट, मग मेन रोड, सिग्नल, यू-टर्न आणि मग त्याचं गेट. मध्ये आहे काय, तर एक कंपाउंड वॉल! शेवटी चहासाठीही गाडी काढावी लागते.

वाकड-बाणेरकरांना हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या पेठांत मात्र लक्ष्मी रस्ता तुंबला, तरी पायी जाणारा कुठल्याशा बोळातून बरोब्बर बाहेर पडतो.

यामागचं गणित सोपं आहे. चौकात चार वाटा फुटतात, टी-जंक्शनला तीन आणि बंद गल्लीत एकच. म्हणजे आलात तसे परत! बंद गल्ल्या वाढल्या की सगळ्या गाड्या एकाच मोठ्या रस्त्यावर येऊन पडतात.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांचं जाळं तपासलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की १९७५ पासून जगात नव्या वस्त्यांमधली रस्त्यांची जोडणी कमीच होत गेली. गंमत म्हणजे अमेरिकेत हे खूळ १९९४ च्या सुमारास शिगेला पोचलं आणि मग ओसरू लागलं.

आपल्याकडे हे होतं कसं? पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. अशा गावांत शेताचा एकेक तुकडा विकला जातो, प्रत्येकावर वेगळी स्कीम उभी राहते. काल जिथे बांध होता, तिथे आज भिंत! आरपार रस्ता कुणीच सोडत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. बिल्डिंग पाडून नवी बांधता येते, रस्ता सहसा बदलत नाही. पेशवाईतल्या पेठांचे रस्ते आपण आजही वापरतोय. तुमचं होमलोन वीस वर्षांत फिटेल, पण तो यू-टर्न तुमच्या नातवंडांनाही घ्यावा लागेल.

तेव्हा फ्लॅट बुक करताना क्लबहाउस नंतर बघा. आधी किराणा दुकान, शाळा आणि बसस्टॉपपर्यंत पायी चालून या. बुक करून बसला असाल, तर पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये एकच विषय काढा: मागच्या भिंतीत माणसांपुरतं एक छोटं गेट. वॉचमन ठेवा, कुलूप ठेवा, पण वाट ठेवा. चहा गार व्हायच्या आत पोचाल!