मांजरीला भूल देण्यापूर्वी रक्त का तपासायचे?

नांदेड-लातूरकडे जनावरांचा दवाखाना म्हटले की आजही डोळ्यांसमोर लाल कंधारी गाय, देवणी बैल आणि उस्मानाबादी शेळी उभी राहते. पण आता आपल्या मोहल्ल्यांत पर्शियन मांजरीही दिसू लागल्या आहेत. गर्भाशयात पू होणे, गच्चीवरून पडून पाय मोडणे, किडलेला दात काढणे, नसबंदी, अशा कारणांनी त्यांना पूर्ण भूल द्यावी लागते. (नसबंदी करावी की नाही, हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा.) डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात आणि घरात कुरबूर सुरू होते: ‘एवढ्याशा जिवाचे रक्त काढायचे? की नुसते बिल वाढवायचे?’

शंका रास्त आहे. तिचे उत्तर यकृत आणि मूत्रपिंडांत आहे.

भुलीच्या औषधाची विल्हेवाट हेच दोन अवयव लावतात. मांजरीचे यकृत काही औषधे मोडूच शकत नाही. म्हणूनच ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी दिली तर मांजर दगावू शकते. हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, जरूर सांगून ठेवा. भुलीसाठी नेहमी वापरले जाणारे केटामाइन मांजरीत मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. ती दुबळी असतील तर औषध अंगात रेंगाळते आणि शुद्धीवर यायला वेळ लागतो. मांजर आजार लपवण्यात पटाईत. खाते-पिते, खेळते, म्हणून ठणठणीत आहे असे मानता येत नाही.

दोन-तीन मिलिलिटर रक्तातून बरेच कळते. तांबड्या पेशी कमी असतील तर भुलीत शरीराला प्राणवायू कमी पडतो. प्लेटलेट कमी असतील तर टाके घालूनही रक्तस्राव थांबत नाही. शेतावर राखणीला कुत्रा असेल तर हे जास्त लक्षात ठेवा. गोचीड तापात कुत्र्याच्या प्लेटलेट खाली जातात आणि आपल्याकडे गोचिडांना तोटा नाही. एएलटीवरून यकृताचे, युरिया-क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचे दुखणे समजते. साखर मात्र जपून वाचावी. घाबरलेल्या मांजरीची साखर तेवढ्यापुरती वाढते, तो मधुमेह नव्हे.

नमुना माणसांच्या लॅबमध्ये द्यायचा असेल तर एक अडचण आहे. मांजरीच्या तांबड्या पेशी आपल्यापेक्षा लहान आणि प्लेटलेट मोठ्या असतात. माणसांसाठी लावलेले यंत्र त्यांची गल्लत करते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे आणि रिपोर्ट पशुवैद्यकानेच वाचावा. उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. शस्त्रक्रिया मोठी असेल तर तिथे आधी चौकशी करून जाणे मला तरी शहाणपणाचे वाटते.

रिपोर्ट चांगला म्हणजे हमी मिळाली, असे नाही. मूत्रपिंडांची बरीचशी, जवळजवळ तीन चतुर्थांश, ताकद संपेपर्यंत क्रिएटिनिन वाढतही नाही. वर्षभराच्या तंदुरुस्त बोक्याची सगळी तपासणी हवीच का, यावर डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. पैशांची ओढाताण असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, किमान कोणत्या तपासण्या हव्यात ते विचारावे. सात वर्षांपुढची किंवा आजारी मांजर असेल तर मात्र टाळाटाळ नको.

शेळीचे गणित वेगळे. रवंथ करणारे जनावर पूर्ण बेशुद्ध झाले की पोट फुगते, पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून अडलेल्या शेळीचे पोट फाडून करडू काढायचे तरी डॉक्टर बहुधा तेवढीच जागा बधिर करतात.

आदल्या रात्रीच विचारून ठेवा, किती तास उपाशी ठेवायचे. मोठ्या मांजरीला काही तास अन्न बंद असते. लहान पिलाला जास्त वेळ उपाशी ठेवले तर त्याची साखर उतरते. सुरू असलेली औषधे, मागच्या आठवड्यातल्या उलट्या, शेवटचे बाळंतपण, सगळे कागदावर लिहून न्या.