एका आकड्यावर ठरणारी मेट्रो

रेल्वेने नाशिकला येणारा माणूस खरं तर नाशकात उतरतच नाही. तो उतरतो नाशिकरोडला. गावातलं मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सीबीएस, तिथून नऊ-दहा किलोमीटर लांब! हे अंतर कापायला १८८९ साली काय काढलं होतं, ठाऊक आहे? ट्राम! स्टेशनापासून थेट मेन रोडपर्यंत, आणि डबे ओढायला चक्क घोडे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

ऑगस्ट २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नाशिकच्या ‘मेट्रो निओ’ला मंजुरी दिली. तिचा सर्वांत लांब मार्ग कुठून कुठे? गंगापूरहून नाशिकरोड स्टेशन, सुमारे २२ किलोमीटर. घोडे गेले, गावाची ओढ मात्र त्याच दिशेला.

पण असे मार्ग ठरवतात कसे? आधी शहराचे छोटे छोटे विभाग पाडतात. निवडक घरांत जाऊन विचारतात : कोण, कुठे, किती वाजता, कशाने जातं? नाशिकच्या द्वारका चौकासारख्या ठिकाणी गाड्या मोजतात. मग येतो चमत्कार. एका विभागात घरं जास्त, दुसऱ्यात नोकऱ्या जास्त, तर दोघांमधली ये-जा जास्त. अंतर वाढलं की ती घटते. ओळखीचं वाटतंय? न्यूटनचं गुरुत्वाकर्षण! या हिशेबाचं नावही गुरुत्व प्रारूपच. सिडको वसाहतीतून डबा घेऊन सातपूरच्या कारखान्याकडे निघालेला प्रत्येक जण आपल्या मर्जीने निघालेला असतो, आणि सगळे मिळून जवळपास ग्रहगोलांसारखे वागतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

या सगळ्या खटाटोपातून शेवटी एक आकडा हाती लागतो : गर्दीच्या तासाला, एका दिशेने, मार्गाच्या सर्वांत भरलेल्या टप्प्यावर किती प्रवासी? केंद्राच्या निकषांनुसार तो आठ हजारांपर्यंत असेल तर निओ पुरते, पंधरा हजारांपर्यंत मेट्रोलाइट, त्यापुढे पूर्ण मेट्रो. तांब्याभर पाण्यासाठी हौद बांधायचा नाही, इतकं साधं तत्त्व.

आता ही निओ म्हणजे काय? रबरी टायरची, सांधे असलेली २५ मीटर लांब गाडी. पोटात सुमारे अडीचशे माणसं, डोक्यावर विजेच्या तारा. तारा एक नव्हे, दोन! आगगाडीला एक पुरते, कारण विजेला परतायला खाली लोखंडी रूळ असतात. रबरातून वीज परतणार कशी? म्हणून परतीची तार वेगळी. शिवाय तारेखाली धावता धावता बॅटरी भरून घ्यायची आणि तारा नसलेल्या पूरक मार्गावर तिच्यावर चालायचं, अशीही योजना.

नाव ‘निओ’ असलं तरी कल्पना नवी नाही. वेर्नर फोन सीमेन्स यांनी बर्लिनजवळ १८८२ मध्येच अशी गाडी चालवून दाखवली होती. म्हणजे नाशिकची घोडाट्राम हिच्यापेक्षा सात वर्षांनी धाकटी! मुंबईतही १९६२ ते १९७१ बेस्टच्या ट्रॉलीबस धावत होत्या.

आणि नाशिकची सर्वांत मोठी गर्दी, सिंहस्थ कुंभमेळ्याची? ती या आकड्यात धरतच नाहीत. हिशेब कामाच्या साध्या दिवसाचा. सिंहस्थासाठी कायमचा मार्ग बांधला तर मधल्या वर्षांत त्यावरून रिकाम्या गाड्या फिरवायच्या. कुंभाची गर्दी शहराबाहेरचे वाहनतळ आणि जादा बस यांनीच पेलायची.

१ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निओसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. अजून एक खांब उभा नाही. त्याच वर्षी जुलैत सुरू झालेली महापालिकेची सिटीलिंक बस मात्र रोज धावते आहे. निओ की मोठी मेट्रो, हा वाद रंगतो. मला तो अर्धवट वाटतो, कारण महापालिका हद्दीत १४.८६ लाख लोकसंख्या दाखवणारी जनगणना २०११ची. तेव्हाची शेतं आज वसाहती झाली आहेत. आधी नव्याने मोजा, मग भांडा.

आणि प्रवासाची प्रश्नावली घेऊन कुणी दारात आलं, तर ‘आत्ता वेळ नाही’ म्हणून दार लावू नका. तुम्ही कामावर कसे जाता, हे त्या आकड्यात मोजलं गेलं पाहिजे.