दुर्बल हृदय आणि पायांचे बळ

पनवेलच्या जुन्या वस्तीतील एखादे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ ‘हार्ट फेल्युअर’चे निदान घेऊन इस्पितळातून घरी परततात, तेव्हा त्यांच्याभोवती मायेचा जो बंदोबस्त उभा राहतो, त्यात पहिली मनाई बहुधा हालचालीलाच असते: वडाळे तलावाकाठचा सकाळचा फेरफटका बंद होतो, जिना वर्ज्य ठरतो, पाण्याचे भांडे जागेवर आणून दिले जाते, आणि ‘अण्णा, तुम्ही उठू नका’ ही सक्त ताकीद दिवसभर कानी पडत राहते. या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे रुग्ण अधिक पंगू होतो, हेही तितकेच खरे आहे.

या विकारात हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागेल तितके रक्त पुढे लोटण्याचे, अथवा परत येणारे रक्त सहज सामावून घेण्याचे त्याचे सामर्थ्य उणावलेले असते. दम लागतो, पाय सुजतात, उताणे निजले की श्वास कोंडतो. मात्र थकव्याचा मोठा वाटा हृदयाबाहेर, मांड्यांच्या नि पोटऱ्यांच्या स्नायूंत असतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रक्तपुरवठा मंदावलेले आणि वापरावाचून झिजलेले हे स्नायू मिळालेल्या प्राणवायूचाही पुरता उपयोग करू शकत नाहीत; म्हणून मनुष्य लवकर थकतो, थकव्याच्या धास्तीने बसून राहतो, आणि बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात. व्यायाम मुख्यतः हे चक्र तोडतो.

विश्रांतीचे फर्मान कुटुंबीयांनी मनाने काढलेले नाही. एके काळी वैद्यकशास्त्राचाच तो शिरस्ता होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. त्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवावे, असे सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५२ साली मांडले. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपर्यंत हा विचार पोहोचण्यास आणखी काही दशके लागली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २,३३१ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत व्यायाम सुरक्षित ठरला. त्याने आयुर्मान वाढते, असा निःसंदिग्ध दाखला मात्र मिळाला नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये.

वृद्धांच्या दृष्टीने अधिक मोलाची चाचणी डलेन किट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. साठ वा त्याहून अधिक वयाचे, हार्ट फेल्युअर बळावल्यामुळे नुकतेच इस्पितळात दाखल झालेले ३४९ रुग्ण तीत होते, आणि त्यांतील बहुसंख्य अत्यंत अशक्त होते. त्यांतील एका गटाकडून केवळ चालण्याचा व्यायाम करवून घेतला नाही. तोल, पायांचे बळ, हालचालीतील सफाई आणि दमसास या चारही अंगांचा व्यायाम प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे बेतून दिला. तीन महिन्यांनी शारीरिक क्षमतेच्या १२ गुणांच्या कसोटीत त्यांना सरासरी ८.३, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांना ६.९ गुण मिळाले. पुन्हा इस्पितळात दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. तरीही, ज्याला खुर्चीतून उठण्यासाठी दुसऱ्याचा हात लागत होता, त्याला तो न लागणे हे मला फार मोठे फळ वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. त्रिवेंद्रमच्या १,२०५ रुग्णांच्या नोंदणीत सरासरी वय ६१च्या आसपास आढळले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हा विकार आपल्याला सुमारे दहा वर्षे आधी गाठतो.

म्हणून इस्पितळातून निघतानाच, ‘व्यायाम कोणता, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली करू?’ हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे. अशक्त माणसाचा आरंभ बहुधा भिंतीच्या आधाराने उभे राहण्यापासून आणि खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून होतो. चालणे मागाहून वाढवतात. श्रम इतकेच असावेत की चालता चालता बोलता यावे. बीटा ब्लॉकर गोळ्यांनी नाडी मंदावलेली असते, तेव्हा केवळ नाडीवर विसंबून चालत नाही. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात, विशेषतः लघवीच्या गोळ्या चालू असताना, उन्हात जाऊ नये. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यापेक्षा घरातला व्हरांडा बरा. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, सूज चढली, छातीत दुखले, चक्कर आली किंवा बसल्या जागी दम लागला, तर त्या दिवशी व्यायाम करू नये आणि विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.