वाडी कुणाची, पोफळी कुणाच्या? मोठ्या कंपन्या गेम स्टुडिओ घेतात आणि बंद करतात, त्याविषयी

(हरिहरेश्वर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

समुद्राकडे तोंड करून व्हिडिओ गेमवर बोलायचं म्हणजे गंमतच आहे. पण कोकणातून पुण्या-मुंबईला जाणारी मुलं आता गेमच्या कंपन्यांतही नोकरी शोधतात, तेव्हा विषय घरचाच समजा. प्रश्न साधा आहे. एखादी मोठी कंपनी चांगले पैसे मोजून गेम बनवणारा स्टुडिओ विकत घेते, आणि काही वर्षांत त्यालाच कुलूप लावते. मग घेतला कशाला?

मुंबईचंच उदाहरण घेऊ. विशाल गोंडल यांनी 1999 मध्ये इंडियागेम्स सुरू केली. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. पुढे बटणांच्या फोनवर छोटे जावा गेम चालू लागले, क्रिकेटचे, सिनेमांवरचे. ते मिळायचे मोबाईल कंपनीच्या मेनूतून, आणि पैसे कापले जायचे आपल्या बॅलन्समधून. म्हणजे गिऱ्हाईक गेमवाल्याचं नव्हतंच, ते मोबाईल कंपनीचं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता मालकी कशी फिरली बघा. 2005 च्या सुमारास चीनच्या टॉम ऑनलाइनने बहुतांश हिस्सा घेतला. 2007 मध्ये तो रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीकडे आला. 2011 मध्ये डिझ्नी आली, कारण ती यूटीव्हीच घेत होती. आणि 2016 मध्ये डिझ्नीने इथला गेमचा व्यवसाय आवरता घेतला. मधल्या काळात फोन बदलले होते. अ‍ॅप स्टोअरवर गेम फुकट मिळू लागला, आणि मोबाईल कंपनीच्या मेनूत कुणी डोकावेना.

पण एवढंच कारण नाही. त्याच वर्षी मे महिन्यात डिझ्नीने अमेरिकेत 'डिझ्नी इन्फिनिटी' थांबवला आणि तो बनवणारा सॉल्ट लेक सिटीचा अ‍ॅव्हलांच स्टुडिओ बंद केला. धोरण असं ठरलं, की गेम आपण प्रकाशित करायचे नाहीत. आपली पात्रं वापरायची परवानगी दुसऱ्यांना द्यायची आणि रॉयल्टी घ्यायची. हिशोबाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, मी नावं ठेवणार नाही. पण अ‍ॅव्हलांचचं पुढे काय झालं? 2017 च्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्सने तो घेऊन पुन्हा उघडला, आणि 2023 मध्ये त्याच स्टुडिओचा 'हॉगवर्ट्स लेगसी' जगभर तुफान खपला. स्टुडिओ वाईट होता म्हणून बंद झाला, असं नव्हे. मालकाचं मन दुसरीकडे गेलं होतं.

इथं वाडीचा दाखला देतो. वाडी विकत घेणारा नेमकं काय घेतो? एखाद्याला पोफळीचं उत्पन्न हवं असतं. एखाद्याला फक्त समुद्राकाठची जागा हवी असते, झाडं त्याला अडचणच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा या पट्ट्यातल्या वाड्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. जमीन तिथंच राहिली. पण नवी पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. गेम बनवणारी टोळीही तशीच. चित्रकार, प्रोग्रॅमर, आवाजवाले, चाचणीवाले एकमेकांची भाषा शिकतात, त्यालाच काही वर्षं लागतात. मोठा गेम तर तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त खातो. तेवढ्या वर्षांत एक पैसा येत नाही, पगार मात्र दर महिन्याला. मोठ्या कंपनीचा हिशोब तिमाहीचा. वर्षातून चार वेळा गुंतवणूकदारांना तोंड दाखवायचं, आणि त्या कागदावर हा स्टुडिओ म्हणजे नुसता खर्च. गेमचं नाव आणि हक्क मात्र स्टुडिओ बंद केला तरी मालकाच्या कपाटात राहतात. जमीन राहते तसे.

दर वेळी परदेशी कंपनीच कुऱ्हाड चालवते, असंही नाही हं. यूटीव्हीने 2007 मध्येच ब्रिटनच्या इग्निशन एंटरटेनमेंटचा ताबा घेतला होता. इग्निशनच्या टोकियोतल्या स्टुडिओने 'एल शदाई' नावाचा विलक्षण देखणा गेम केला, 2011 चा. तो आला, आणि टोकियोची टोळी पांगली. म्हणजे मुंबईच्या पैशावर जपानमध्ये उभा राहिलेला स्टुडिओ संपला. त्याचे दिग्दर्शक सावाकी ताकेयासू यांनी पुढे त्या गेमचे हक्क स्वतःच्या छोट्या कंपनीकडे मिळवले आणि 2021 मध्ये तो संगणकावर आणला. असं फार क्वचित घडतं.

अलीकडचं सांगायचं तर मायक्रोसॉफ्ट. मे 2024 मध्ये त्यांनी टोकियोचा टँगो गेमवर्क्स बंद करायचं जाहीर केलं. आदल्याच वर्षी त्यांच्या 'हाय-फाय रश'चं सगळीकडून कौतुक झालं होतं. ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने ती टोळी उचलली. 2025 मध्ये याच क्राफ्टनने पुण्याच्या नॉटिलस मोबाईलमध्येही ताबा मिळवण्याइतका हिस्सा घेतला, 'रिअल क्रिकेट'वाली नॉटिलस. तेव्हा ही चक्रं पुण्यापर्यंत पोचलेली आहेत.

पुण्यात यूबीसॉफ्टही आहे. मूळचा गेमलॉफ्टचा स्टुडिओ, 2008 मध्ये यूबीसॉफ्टकडे आला. 2020 मध्ये पुणे आणि मुंबईच्या शाखांकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं पुनर्निर्माण दिल्याचं जाहीर झालं, केवढी चर्चा झाली! 2022 मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. जानेवारी 2026 मध्ये प्रकल्पच रद्द झाला. स्टुडिओ बंद न करताही त्याच्या हातातलं काम असं निघून जातं.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग पोरांनी केलेल्या कामावर त्यांचा काहीच हक्क नाही का?)

ताई, कायद्याने पाहिलं तर नाही. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातलं 17 वं कलम आहे. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून जे केलं, त्याचा पहिला मालक मालक कंपनी, वेगळा करार नसेल तर. ते 'नसेल तर' महत्त्वाचं. नव्या नोकरदाराचं कुणी ऐकणार नाही हे खरं. पण चार मित्रांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि उद्या विकायला निघाले, तर तेव्हा त्यांच्या हातात थोडं वजन असतं. त्यांनी किमतीवर घासाघीस करतानाच वकिलाकडून एक कलम घालून मागावं : इतक्या वर्षांत गेम बाजारात ठेवला नाही, तर हक्क आम्हाला परत. आणि नोकरदार मुलाने एवढं तरी पाहावं, की गेमच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत आपलं नाव आलंय का. पुढची नोकरी मागायला जाताना तेच दाखवायचं असतं.